डॉक्टरांनी हात टेकलेली फटफटी

माणसाला होणारी सगळी दुखणी मोटरसायकललाही होतात आणि ती माणसासारखीच औषधानं, पथ्यानं आणि जवळ बसून केलेल्या विचारपुशीनं बरी होतात, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. लग्न ठरवताना आमच्या वडिलांनी बरीच चौकशी केली होती. मुलगा सुताच्या पेढीवर आहे, भिवंडीत स्वतःचं घर आहे, सासू तोंडानं फटकळ पण मनानं बरी आहे, इथपर्यंत सगळं कळलं होतं. पण त्या घराच्या पडवीत एक मोटरसायकल कायमची आजारी आहे आणि घरातलं एक माणूस तिच्या उशाशी बसून असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ते मला कळलं ते माप ओलांडून आत येताना, तिच्या किकच्या दांड्यावर नडगी आपटून. माझ्या शालूला सासरचा पहिला डाग लागला तो कुंकवाचा नव्हे, चेनच्या वंगणाचा. मामा धावत आले आणि वाकून पाहू लागले. मला वाटलं, माझा पाय पाहतायत. ते दांडा पाहत होते.

आता मी तेव्हा काय चीज होते तेही सांगायला हवं, नाही तर मामांवर अन्याय होईल. मी कल्याणची. कल्याणला जंक्शन होतं आणि भिवंडीला तेव्हा साधं स्टेशन नव्हतं, एवढ्या भांडवलावर मी सासरच्या सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात अडाणी ठरवून मोकळी झाले होते. शिवाय मी मॅट्रिक पास, आणि तेही सायन्स घेऊन. केसांना दोन्हीकडून पिना, बोलताना मधूनच एखादा 'ॲक्च्युअली', आणि मनगटावर एक नाजूक सोनेरी घड्याळ. ते घड्याळ लग्नाच्या आधीपासून बंद होतं. कुणी वेळ विचारली की मी मान तिरकी करून त्याच्याकडे पाहायची आणि अंदाजानं काहीतरी सांगायची. बंद पडलेलं यंत्र मिरवण्याच्या बाबतीत मामा आणि मी एकाच जातीचे होतो; फरक एवढाच की त्यांना आपलं यंत्र सुरू व्हावं असं वाटत होतं.

मामा म्हणजे सासूबाईंचे पाठचे भाऊ. मूळ घर जवळच्या अंजूर गावातलं, पण बाजारातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून लागले आणि मामींना घेऊन आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहिले. मूलबाळ नव्हतं. अंग काडीसारखं, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर गुलाबी मिक्श्चरचा न जाणारा डाग, एका हाताला फिनेलचा वास आणि दुसऱ्याला रॉकेलचा. डॉक्टरांनी मोटार घेतली तेव्हा दारातली जुनी मोटरसायकल त्यांनी मामांना देऊन टाकली. ती किती जुनी होती कुणास ठाऊक. टाकीवरची अक्षरंसुद्धा पुसून गेली होती. तिला सुरू करण्याचे सगळे उपाय डॉक्टरांनी करून पाहिले होते. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, 'अडगळ माझ्या गळ्यात मारली.' मामा म्हणाले, "डॉक्टरांनी हात टेकले की तिथून पुढे कंपाउंडरनं सुरू करायचं असतं." गल्ली तिला फटफटी म्हणायची. त्यावर सासूबाईंचा ठरलेला शेरा असे, "फटफटी म्हणे! आल्यापासून एक फट ऐकला न्हाय मी, दुसऱ्या फटची बात कशाला?" नाक्यावर चांगलं गॅरेज होतं, पण तिथं तिला न्यायचं नाव काढलं की मामांचा चेहरा उतरायचा. "घरचं माणूस शिंकलं की लगेच परक्याच्या हवाली करता का तुम्ही?" असं ते इतक्या कळवळून विचारत की बोलणाऱ्यालाच आपण कसाई असल्यासारखं वाटे.

त्यांची तपासणी पाहण्यासारखी असे. दवाखान्यातून आले की हातपाय धुऊन, चहाच्या आधी, ते पडवीत पाट टाकून बसायचे. आधी प्लग काढायचा, कारण प्लग म्हणजे जीभ. ती काळी पडली असेल तर पोट साफ नाही. कार्बोरेटरमधून पेट्रोल गळू लागलं की हगवण. बारीक भोक कचऱ्यानं बुजलं की कफ. किक मारताच आतून नुसताच धाडकन आवाज होऊन सगळं शांत झालं की वात, आणि वात झालेल्या रोग्याला दोन दिवस कुणी हात लावायचा नाही. पेट्रोल ते दवाखान्यातल्या मिक्श्चरच्या बाटलीत ठेवत. त्या बाटल्यांना तेव्हा डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली असे. मामा त्या पट्टीबरहुकूम, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, मोजून टाकीत ओतायचे. बाटलीवर 'हलवून घ्यावे' असं लिहिलेलं होतं म्हणून हलवायचेही. यासाठी लागणारी सगळी आयुधं माझ्या स्वयंपाकघरातून जात. परात पुर्जे धुवायला, चहाची गाळणी पेट्रोल गाळायला, सांडशी नट धरायला. प्लगवरची काजळी जाळायला तो शेगडीच्या निखाऱ्यात ठेवावा लागे, आणि शेगडीवर तेव्हा माझी सत्ता असे. एकदा मी सुके बोंबील भाजत होते, शेजारी मामांचा प्लग भाजत होता, डोळ्यांत धूर गेला, आणि मी चिमट्यानं जे हाती आलं ते यांच्या ताटात वाढलं. आमचे हे शांत स्वभावाचे. बोटानं टोचून पाहिलं आणि म्हणाले, "आज बोंबील जरा कडक आलेत गं." तोवर मामा दारात उभे. "त्याला हात लावू नका, तो अजून कच्चा आहे!"

माझ्या सायन्सचा उपयोग मामांना पहिल्या महिन्यातच झाला. प्लगला ठिणगी येते का ते पाहायचं होतं. त्यासाठी कुणीतरी वायरीचं टोक इंजिनाजवळ धरायचं आणि मामांनी किक मारायची. मामी नाही म्हणाल्या, सासूबाईंना विचारायची सोय नव्हती. मी पुढे झाले. मामांनी मला फडकं देऊ केलं. मी हसून म्हटलं, "मामा, ॲक्च्युअली एवढ्याशा वायरीत करंट असा किती असणार?" त्यांनी किक मारली. पुढचं मला नीट आठवत नाही. सासूबाई सांगायच्या की मी आधी एक अक्षर बोलले नाही आणि मग माझ्या माहेरची सगळी माणसं एकदम हाका मारून बोलावली. शुद्धीवर येऊन पाहते तर मी ज्वारीच्या पोत्यावर बसलेली, दोन्ही पिना कुठेतरी उडालेल्या, आणि मामा माझ्यापुढे हात जोडून आनंदानं नाचतायत. "करंट आहे! सूनबाई, करंट आहे हो! म्हणजे रोगी अजून हातचा गेलेला नाही!" त्या दिवसापासून मामा मला घरातली जाणकार समजू लागले आणि मी 'ॲक्च्युअली' कमी केलं.

हे सगळं असूनही ती सुरू का होत नव्हती? याचं उत्तर पडवीच्या भिंतीपलीकडे होतं. तिथं हाजीशेठांचा यंत्रमागांचा कारखाना होता. हाजीशेठ मूळचे कोकणातले, पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीत राहिलेले. त्यांचे माग दिवसरात्र चालायचे. त्या खटाखटीत आमचं घर कायम थरथरत असे. कपबशी ठेवली की ती टेबलावरून स्वतःच निघायची. देवघरातले देव सकाळी पूर्वेला तोंड करून बसवले की संध्याकाळपर्यंत फिरून भिंतीकडे पाहत, आणि सासूबाई दिवा लावताना त्यांना खांद्याला धरून सरळ करत. आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. मामांनी डॉक्टरांची टाकून दिलेली छाती तपासायची नळी आणली होती. ती ते इंजिनाला लावत, डोळे मिटत, आणि त्यांना माग ऐकू येत. पेट्रोल कुठे अडलंय, आत काय वाजतंय, हे कळायला शांतता हवी, आणि ती भिवंडीला फक्त शुक्रवारी मिळायची, कारण शुक्रवारी माग बंद. पण शुक्रवारी कामगारांना सुट्टी, म्हणून झाडून सगळे कामगार आपापले खोकले, ताप आणि कानांतली रुई घेऊन शुक्रवारीच दवाखान्यात यायचे. ज्या दिवशी गाडीचं ऐकू येईल त्याच दिवशी मामांना श्वास घ्यायला फुरसत नसे. बाकीचे दिवस फुरसत असे, पण ऐकू येत नसे. या पेचात ती बिचारी आणि ते, दोघे वर्षानुवर्षं अडकले होते.

आता मामींविषयी. मामी दापोड्याच्या, शेतकऱ्याची लेक. ठेंगणी, काळी, ठसठशीत, आणि बोलणं कमी. मामांची एकच इच्छा होती की मामींना मागे बसवून एकदा तरी गावाबाहेर न्यावं. मामींचं त्यावर एकच म्हणणं होतं. "पयल्या किकला सुरू झाली तर मी बसंन. दुसरी किक मारलीत तर मना हाक मारू नका." हे त्यांनी गाडी आली त्या दिवशी सांगितलं आणि मग तो घरातला कायदाच झाला. मामा रोज पहिली किक मारताना स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहायचे. मामी तिथं उभ्या असायच्या. दुसरी किक मारताना त्या आत गेलेल्या असायच्या. मला तेव्हा वाटायचं, काय ही दगडाची बाई! नवरा एवढा जीव टाकतो आणि ही खुशाल भाजी चिरायला जाते. मी नवी नवरी, माझं प्रेमाचं ज्ञान मासिकांतल्या गोष्टींवर पोसलेलं. न बोलता दारात येऊन उभं राहणं म्हणजे काय, ते त्या गोष्टींत नव्हतं.

असं चाललं होतं तोच आमच्या घरात मागाचं वारं शिरलं. तेव्हा भिवंडीत ज्याला त्याला पडवीत माग टाकायची घाई झाली होती. ज्यांच्या ओटीवर काल जातं होतं त्यांच्या ओटीवर आज लूम. यांनीही जुने चार माग बघून ठेवले, दसऱ्याचा मुहूर्त धरला. मी तर हवेतच. कारखानदाराची बायको होणार म्हणून मी आरशासमोर शेठाणीसारखं बसायचा सराव करत असे. हनुवटी किती वर धरली की गळ्याला सुरकुती पडत नाही, याचा मी बराच अभ्यास केला होता. प्रश्न एकच होता. माग यायचे पडवीत आणि पडवीत ती. सासूबाईंनी एका दुपारी भावाला समोर उभं केलं. घर त्यांचं, शब्द त्यांचा. रागावल्या की त्यांची शहरी भाषा गळून पडे.

"ऐक. दसऱ्याला माग येतायत. त्या दिशी तुझ्या ह्या भवानीनं नदीचा पूल ओलांडला तर ऱ्हाऊ दे तिला, मी एक शब्द बोलनार न्हाय. न्हाय ओलांडला तर दुसऱ्या दिशी भंगारवाला हाय आन ती हाय."

"आक्का, डॉक्टरसुद्धा रोग्याला अशी मुदत देत नाहीत."

"मी डाक्टर न्हाय. मी घरमालकीन हाय."

त्यानंतर मामांचं जेवणावरून लक्ष उडालं. गाडी पूर्ण उघडली, पुर्जा न् पुर्जा रॉकेलमध्ये धुतला, पडवीभर वर्तमानपत्रावर मांडला आणि पुन्हा जोडला. जोडून झाल्यावर एक नट उरला. पुन्हा उघडली, पुन्हा जोडली. आता दोन उरले. हाजीशेठ संध्याकाळचे पडवीच्या पायरीवर टेकायचे, दाढीतली रुई झटकत पाहत राहायचे. एकदा म्हणाले, "मामा, हिला अता दवा नाय, दुवा पायजे."

"दुवा तुम्ही करा, हाजीशेठ. दवा माझ्याकडे आहे."

"करतो ना. पण तुम्ही दवा जरा बदलून बघा. आमचा फिटर पाठवू का?"

"तुमचा फिटर मागाचा. मागाला हृदय नसतं."

हाजीशेठांनी यावर कारखान्याकडे पाहिलं, जणू मागांनी ऐकलं तर नाही ना. मामींनी त्या दिवसांत काही विचारलं नाही. फक्त एकदा मी पाहिलं, मामा दवाखान्यात गेलेले, आणि मामी टाकीवरची धूळ पदरानं पुसतायत. मला पाहून म्हणाल्या, "जायाची हाय ना. मैली कशाला जाऊ द्याची?"

दसरा उजाडला. शुक्रवार नव्हता, आणि हाजीशेठांकडे दिवाळीच्या मालाची घाई, त्यामुळे भिंतीपलीकडे खटाखट जोरात. आम्ही गाडीला झेंडूची माळ घातली. मामींनी हळदकुंकू वाहिलं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या, हे मागांचा ट्रक आणायला गेलेले. मी नवं लुगडं नेसून, हनुवटी ठरलेल्या उंचीवर धरून, शेठाणीच्या जागी उभी. मामांनी डोळे मिटून नमस्कार केला, पेट्रोलची तोटी उघडली, दाराकडे पाहिलं आणि किक मारली.

काही ऐकू आलं नाही. पण ऐकू कधीच काही येत नसे. मामांनी हळूच टाकीवर तळवा ठेवला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला दिव्याची आठवण झाली. टाकी थरथरत होती! हँडल थरथरत होतं, दिव्याची काच थरथरत होती, झेंडूची माळसुद्धा डोलत होती. "सुरू झाली!" मामा ओरडले. ओठांवरूनच कळलं आम्हाला. मी पुढे होऊन, जाणकार या नात्यानं, स्वतःचा तळवा टाकीवर ठेवला, दोन क्षण विचार केल्यासारखं केलं आणि मान डोलावून ओरडले, "चालू आहे! इंजिन चालू आहे!" सायन्स घेऊन पास झालेली बाई मी. भिंतही थरथरतेय, पायाखालची फरशीही थरथरतेय, आणि घरातले देव रोज संध्याकाळी याच थरथरीनं पाठ फिरवतात, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. सासूबाईंच्याही आलं नाही. त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि डोळे पुसले, आणि मग पुसले नसल्यासारखं केलं.

मामी दारातून खाली आल्या. एकच किक झाली होती, कायदा पाळायला हवा होता. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मामांच्या तोंडाकडे पाहिलं, पदर खोचला आणि मागच्या सीटवर एका बाजूनं चढून बसल्या. गाडी अजून स्टँडवरच होती. मामांनी पुढे बसून गिअर टाकला, क्लच सोडला. ती जागची हलली नाही. "क्लच धरत नाहीये," मामा मागे वळून ओरडले. मामी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी ओरडून सांगू लागल्या. मागांच्या आवाजात नवराबायकोनं वाटेल ते बोलावं, कुणाला ऐकू जात नाही. आमच्या गल्लीत तेवढी एक चैन सगळ्यांना होती.

आणि लाइट गेली.

सगळे माग एका दमात थांबले. सगळ्या गल्लीवर अशी शांतता पडली की कान दुखले. त्या शांततेत इंजिनाचा आवाज कुठेच नव्हता. मामींचा होता. वाक्य अर्धं झालं होतं, त्यांना थांबता आलं नाही, आणि उरलेलं अर्धं साऱ्या गल्लीनं ऐकलं: "...बंद हाय ती, मना ठावं हाय! पन तुमी उतरू नका, बसून राव्हा घटकाभर! बरं वाटतंय!"

कुणी हसलं नाही. हसायला सगळे जमलेले होते, पण कुणी हसलं नाही. मामींनी पदर डोक्यावरून इतका खाली ओढला की फक्त नथ दिसत राहिली. त्या मात्र उतरल्या नाहीत. मामांनी आधी इंजिनाकडे पाहिलं. मग आपल्या खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं, आणि पुन्हा इंजिनाकडे पाहिलंच नाही.

हाजीशेठ कारखान्याच्या दारात येऊन उभे होते, मागे त्यांचे कामगार, भुवयांवर रुई, बोटांत विडी. हाजीशेठ खाकरले. "बसल्यात तर बसू द्या त्यांना. उतरवू नका." मग मागे वळून म्हणाले, "काय रे, लाइट येईपर्यंत काय करणार इथं? चला, हात लावा."

"पण न्यायची कुठं?" मामांनी विचारलं.

"पूल काय पळून गेला काय?"

सासूबाईंनी तोंड उघडलं, पण तोवर कामगारांनी गाडी अलगद स्टँडवरून उतरवली होती. "चाची, पकड के बैठो!" म्हणून एकानं बजावलं. आणि निघाली वरात. मामांचं बसणं असं की जणू गाडी त्यांच्याच जोरावर चालली आहे. वळणावर त्यांनी हात बाहेर काढून रीतसर इशारा दिला. हॉर्न वाजत नव्हता, म्हणून ते स्वतःच "बाजूला, बाजूला!" ओरडत होते. मामींचा एक हात मामांच्या खांद्यावर, दुसरा डोक्यावरच्या पदरावर. मीही शेठाणीपण सोडून मागून ढकलत होते. माझं नवं लुगडं सायलेन्सरला घासून काळं झालं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. वाटेत मागांचा ट्रक समोरून आला. हे वरून ओरडले, "अगं, काय चाललंय?" मी ओरडले, "शीव ओलांडतोय!" मागे लाइट आली, माग वाजू लागल्याचं लांबून ऐकू आलं, हाजीशेठ हाका मारू लागले, "अरे लाइट आली, परत या!" पण एकही कामगार परतला नाही. पुलापलीकडे गेल्यावर मामींनी कनवटीची आपट्याची पानं काढून एकेकाच्या हातावर ठेवली. यूपीकडचा एक म्हातारा विणकर होता, त्यानं ते पान कपाळाला लावून सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं.

घरी आल्यावर सासूबाई कमरेवर हात देऊन उभ्या. "ढकलत न्हेलं ते काय ओलांडलं झालं?"

मामींनी इतक्या वर्षांत नणंदेला उलटून उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. "आक्का, तुमी पूल ओलांडाला पायजे असं बोल्लाव. सुरू कराला पायजे असं कुटं बोल्लाव?"

सासूबाईंनी आठवून पाहिलं. खरंच, बोलल्या नव्हत्या. शब्दाला जागणारी बाई. दिलेला शब्द तोटा देऊन गेला तरी मागं घ्यायची नाही. "ऱ्हाऊ दे मग," एवढंच म्हणाल्या. फटफटी भंगारातून वाचली. पण राहणार कुठे? पडवीत माग उतरले होते, गल्लीत ठेवली तर ट्रक जाता येता तिला चाटून जायचे. मामा दोनतीन दिवस तिच्याशेजारी रस्त्यात पाट टाकून बसले. मग एका सकाळी त्यांनी अंजूरला निघायचं ठरवलं. तिथं वडिलांची एक खोली होती, अंगण होतं. सूत वाहणाऱ्या टेंपोत गाडी चढली, मामींची ट्रंक चढली, उरलेल्या नटांच्या बाटल्या चढल्या. सासूबाई पायरीवर बसून होत्या. टेंपो सुरू होताना म्हणाल्या, "मी गाडी हलीव म्हनलं व्हतं रे. तू कशाला हलतोस?"

"आक्का," मामा म्हणाले, "रोग्याला सोडून कंपाउंडर कुठे राहतो का?"

पुढे मामा कित्येक वर्षं अंजूरहून एस.टी.नं दवाखान्यात येत राहिले. दुपारचा डबा बहिणीकडे. सासूबाई त्यांना वाढताना पडवीकडे पाठ करून बसायच्या. आम्ही कारखानदार झालो. डाळीत रुई, केसांत रुई, आणि शेठाणीला हनुवटी वर धरायला वेळ नाही. तिला मागावर तुटलेली सुताची तार दाखवायला दर घटकेला कुणीतरी हाक मारायचं. मागच्या दोन खोल्यांत सुताची पोती भरली. आता अंजूरलाही सगळीकडे गोदामं झाली आहेत म्हणे. मामा नाहीत, मामी नाहीत, सासूबाई तर केव्हाच नाहीत. मी तिकडे जात नाही. माझ्या डोळ्यांपुढे अंजूर आहे ते एका संध्याकाळचं आहे, आणि तेच राहू द्यावं असं वाटतं.

मामांनी काम सोडलं होतं त्यानंतरची गोष्ट. मी आणि हे सहज भेटायला गेलो होतो. खाडीवरून वारा येत होता, भात कापून झालेलं, आणि शांतता एवढी की मला माझ्याच बांगड्यांचा आवाज मोठा वाटला. अंगणात जांभळीखाली ती स्टँडवर उभी होती. सीटवर गोधडीची घडी. आणि तिच्यावर मामा पुढे आणि मामी मागे, एका बाजूनं, अशी दोघं बसून खाडीकडे पाहत होती. मामींचे गुडघे धरले होते, त्यांना खाली बसवत नव्हतं. ही उंची त्यांना सोयीची पडत होती. मी सवयीनं ओरडले, "मामा, झाली का हो सुरू?"

मामांनी हात वर करून मला हळू बोलायची खूण केली. मग जवळ बोलावलं. इतकी शांतता, रोजच शुक्रवार, वेळच वेळ. इथं त्यांनी दोष नक्की शोधला असणार, असं मला वाटलं होतं.

"शोधला ना," ते माझ्या कानाशी म्हणाले. "आल्या आल्याच सापडला. एवढंसं काम आहे, एका सकाळचं."

"मग करत का नाही?"

त्यांनी मान न वळवता डोळ्यांनीच मागे दाखवलं. "सुरू झाली तर ही उतरेल."

मागांच्या शेजारात राहून मामींचे कान गेले होते. त्यांनी मला हाताला धरून ओढलं. "काय बोलतान गं ते?"

"काही नाही मामी. प्लग बघायला हवा म्हणतायत," मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"बघा म्हनावं सावकाश," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी गोधडीची घडी थोडी सारखी केली. "घाई कोनाला हाय?"